न्हावा शेवाची खारफुटी पाण्यात उभी राहूनही तहानलेली का असते?

अटल सेतूवरून शिवडीकडून न्हावा शेवाच्या दिशेने निघालात की एका टप्प्यात बाजूचं काही दिसत नाही. पुलाच्या कडेला उंच अडसर लावले आहेत, कारण पलीकडे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. रील काढणाऱ्यांचा तिथे हिरमोड होतो. मग अडसर संपतात, खाडी पुन्हा उघडी होते आणि समोर रायगडचा किनारा दिसू लागतो. त्या किनाऱ्याला लागून जो हिरवा पट्टा दिसतो, ती खारफुटी.

अडसरामागची प्रयोगशाळा आणि हा हिरवा पट्टा यांचा एकमेकांशी संबंध आहे, असं पटकन कोणाच्या मनात येणार नाही. अणुसंशोधन केंद्र म्हटलं की आपल्याला अणुभट्टी आठवते. पण याच केंद्रात शेती आणि जैवतंत्रज्ञानाचाही एक विभाग आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी पुणे विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांसोबत बरीच वर्षं एका प्रश्नावर काम केलं: पाणी मिळत नसताना काही झाडं तग कशी धरतात? त्यासाठी त्यांनी जी वनस्पती निवडली ती मराठवाड्यातली नाही, माणदेशातलीही नाही. ती आहे समुद्रकिनाऱ्यावरची.

दुष्काळाचा अभ्यास करायला किनाऱ्यावरची वनस्पती कशाला? जिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि दिवसातून दोनदा भरती येते, तिथे कसला आलाय दुष्काळ?

कैरीच्या फोडी आणि खाडीतलं झाड

लोणचं घालताना कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवतात. थोड्या वेळाने पातेल्याच्या तळाशी पाणी साचलेलं असतं. हे पाणी बाहेरून आलेलं नसतं, मिठाने ते फोडीतून ओढून काढलेलं असतं. जिकडे मीठ जास्त तिकडे पाणी जातं, एवढा साधा नियम.

आता कैरीच्या फोडीच्या जागी झाडाचं मूळ आहे असं समजा आणि पातेल्याच्या जागी खाडीचा चिखल. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. या पाण्यात तुमच्या कुंडीतल्या गुलाबाचं मूळ ठेवलं, तर मूळ पाणी पिणार नाही. उलट मुळातलंच पाणी बाहेर जाईल. झाड पाण्यात उभं असेल आणि तहानेने मरेल.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी १८९८ च्या आपल्या ग्रंथात यासाठी जो शब्द वापरला त्याचं मराठी होईल 'शरीरक्रियात्मक दुष्काळ'. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. पाणी आहे, पण झाडाला ते घेता येत नाही. झाडाच्या बाजूने पाहिलं तर जमीन कोरडी आहे की खारट, याने सुरुवातीला फारसा फरक पडत नाही. दोन्हीकडे मुळाला पाणी ओढण्यासाठी जास्त जोर लावावा लागतो. म्हणून दुष्काळ आणि खारेपणा हे दोन विषय संशोधनात बऱ्याचदा एकत्र अभ्यासले जातात.

फरक पडतो तो नंतर. कोरड्या जमिनीत नुसती तहान असते. खारट जमिनीत तहानेवर विषही असतं, कारण मिठातलं सोडियम हळूहळू पानांत साचत जातं आणि पेशींचं काम बिघडवतं. म्हणजे खाडीतल्या झाडाला दोन परीक्षा एकाच वेळी द्याव्या लागतात. जे झाड या दोन्हींत पास होतं, त्याच्याकडे दुष्काळाबद्दल शिकण्यासारखं बरंच काही असणार.

तिवर काय करतं?

न्हावा शेवा आणि उरणच्या खाड्यांमध्ये सगळ्यांत जास्त दिसणारं झाड म्हणजे तिवर. ओहोटीला त्याच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारख्या शेकडो मुळ्या वर आलेल्या दिसतात. त्या श्वासासाठी. चिखलात हवा नसते, म्हणून मुळंच वर येतात.

तहानेचा बंदोबस्त त्याने वेगळा केला आहे. पाणी आत घेतानाच ९० टक्क्यांहून जास्त मीठ मुळाशी अडवलं जातं. तरी जे आत शिरतं ते पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकलं जातं. विश्वास बसत नसेल तर कोरड्या दिवशी तिवराचं पान जिभेला लावून बघा. खारट लागतं, आणि नीट पाहिलंत तर पानावर मिठाचे कण चमकताना दिसतात.

पण मीठ अडवलं म्हणून पाणी आपोआप वर चढत नाही. समुद्राच्या पाण्यातून मीठ मागे ठेवून गोडं पाणी ओढायचं तर सुमारे २५ वातावरणांइतका दाब लागतो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-सव्वादोन वातावरणं असतो. त्याच्या दहापट जोर तिवर विजेशिवाय आणि पंपाशिवाय लावतं. पानांतून बाष्प बाहेर जातं, त्यामुळे आतल्या पाण्याच्या धाग्यावर ताण येतो आणि तो ताण थेट मुळापर्यंत पोहोचतो. उसाच्या रसात स्ट्रॉ घालून ओढतो तसंच काहीसं, फक्त स्ट्रॉ काही मीटर लांब आणि ओढणारं पान.

हा ताण खरंच इतका असतो का, हे मोजून दाखवलं पेर शोलँडर या शास्त्रज्ञाने, १९६५ मध्ये. त्याने फांदी एका जाड धातूच्या डब्यात बंद केली, कापलेलं टोक बाहेर ठेवलं आणि डब्यात गॅसचा दाब वाढवत नेला. टोकावर पाण्याचा थेंब आला की तेवढाच ताण झाडात होता, असा हिशोब. उंच झाडांच्या शेंड्यावरच्या फांद्या मिळवण्यासाठी त्याच्या पथकाने चक्क बंदुकीने गोळी मारून त्या पाडल्या होत्या. (विज्ञान शाखा सोडून पत्रकारितेकडे वळण्याआधी कोणी हे मला सांगितलं असतं तर कदाचित मी वनस्पतिशास्त्र घेतलं असतं.) खारफुटीत त्याला ३० ते ६० वातावरणांइतका ताण आढळला.

एवढ्या ताणाला साध्या झाडातला पाण्याचा धागा तुटतो, नळीत हवेचा बुडबुडा अडकतो आणि ती नळी कायमची निकामी होऊ शकते. खारफुटीच्या नळ्या त्यामानाने अरुंद असतात, त्यामुळे धागा सहज तुटत नाही. पण अरुंद नळीतून पाणी कमी येतं आणि पाणी कमी आलं की वाढही हळू होते.

तग धरण्याची अशी किंमत झाडाला मोजावी लागते. बातम्यांत 'दुष्काळाला तोंड देणारं जनुक सापडलं' असं वाचतो तेव्हा हा भाग सहसा गाळलेला असतो. मीठ बाहेर टाकायला, पेशीत साखरेसारखी संरक्षक द्रव्यं बनवायला, खोल मुळं घालायला ऊर्जा लागते. ती ऊर्जा दाण्यात किंवा फळात जाऊ शकली असती. दुष्काळात जगणारं झाड बहुतेक वेळा सुकाळात मागे पडतं.

ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेतली वेल

आता त्या किनाऱ्यावरच्या वनस्पतीकडे येऊ. तिचं शास्त्रीय नाव सेसुवियम पोर्टुलाकास्ट्रम. घोळीची भाजी पाहिली असेल तर तिच्यासारखीच जाड, रसरशीत पानं आणि जमिनीवर पसरणाऱ्या लालसर काड्या डोळ्यांसमोर आणा. छोटी गुलाबी फुलं येतात. वाळूत, खाडीच्या काठावर, मिठागराच्या बांधावर उगवते. आपण पाय देऊन पुढे जातो.

विनायक लोखंडे, पुणे विद्यापीठाचे टी. डी. निकम आणि भाभा केंद्राचे पेन्ना सुप्रसन्ना यांनी या वनस्पतीवर एकामागोमाग एक शोधनिबंध लिहिले. २००९ मध्ये त्यांनी भारतात ती कुठे कुठे आहे आणि तिचा उपयोग काय, याचा आढावा घेतला. २०१० मधला त्यांचा एक प्रयोग आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर येतो.

प्रयोगाची कल्पना साधी आहे. या वनस्पतीच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या. काहींना मीठ दिलं. काहींना पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचं द्रव्य दिलं. हे द्रव्य पाणी धरून ठेवतं, पण पेशीच्या आत शिरत नाही. म्हणजे निव्वळ कोरडेपणा, मिठाशिवाय. दोन्हीकडे पाणी ओढण्याची अडचण सारखीच राहील अशी मात्रा ठेवली. दुष्काळ आणि खारेपणा वेगळे काढून समोरासमोर ठेवण्याची ही पद्धत. पेशींनी दोन्ही वेळा पाणी धरून ठेवण्याची तजवीज केली, पण दोन्ही वेळा ती वेगवेगळी होती.

ट्युनिशियाच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये याच वनस्पतीबद्दल आणखी चक्रावणारी गोष्ट नोंदवली होती. कोरडेपणाचा ताण दिलेल्या रोपांना सोबत थोडं मीठ दिलं, तर ती जास्त चांगली तगली. इतर झाडांना जे विष, ते इथे मदतीला आलं. कारण ही वनस्पती सोडियम पेशीतल्या एका कोठीत बंद करून ठेवते. कोठीत मीठ साठलं की पेशीच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा 'खारट' होते आणि पाणी आत येतं. कैरीच्या फोडीचा नियम तिने उलटा करून वापरला. संरक्षक द्रव्यं बनवायला ऊर्जा लागते, मीठ मात्र आजूबाजूला फुकट पडलेलं असतं.

लोखंडे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लिहिलेल्या आढाव्यात या वनस्पतीचे उपयोग मांडले आहेत: दुष्काळ, खारेपणा, वाळू धरून ठेवणं, अन्न आणि प्रदूषित जमीन साफ करणं. काही देशांत ती भाजी म्हणून खातात.

हे काम महाराष्ट्रात अचानक सुरू झालेलं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जी. व्ही. जोशी आणि त्यांच्यानंतर लीला भोसले यांनी खारफुटीच्या शरीरक्रियेवर सत्तरच्या दशकापासून काम केलं आहे. समुद्रापासून दूर, घाटावर बसून! बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ पासून केंद्र सरकारची एक संस्था फक्त अजैविक ताणावर, म्हणजे दुष्काळ, उष्णता, खारेपणा यांवर काम करते.

मग हे शेतात कधी येणार?

उरण, पेण, अलिबागच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, आमच्याकडे कधीच आलंय. खारजमिनीत बांध घालून भात घेणं ही इथली जुनी पद्धत. कोकण कृषी विद्यापीठाचं पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आहे आणि तिथून निघालेल्या 'पनवेल' नावाच्या भाताच्या जाती खाऱ्या जमिनीसाठीच आहेत. पावसाने वरच्या थरातलं मीठ धुऊन निघतं, तोवर रोप धरलं की पीक येतं. बांध फुटला की मात्र संपलं. काही वर्षं दुरुस्ती झाली नाही तर शेतात तिवर उगवतं, आणि तिवर उगवलं की ते तोडणं गुन्हा. रायगडच्या किनाऱ्यावर शेतकरी आणि खारफुटी यांचं जे भांडण दिसतं, त्याची एक मुळी इथे आहे. शेतकऱ्याचा राग झाडावर निघतो, पण चूक बांध वेळेवर न बांधणाऱ्याची असते, असं मला वाटतं.

राष्ट्रीय पातळीवर मोठी बातमी आली ती ४ मे २०२५ ला. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक संपादन केलेल्या भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. त्यातल्या एकीचं नाव 'पुसा डीएसटी राइस १'. डीएसटी म्हणजे दुष्काळ आणि मीठ सहन करण्याशी संबंधित जनुकाचं नाव. चिनी शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये ते भातात ओळखलं होतं. नावावरून वाटतं की हे जनुक भाताला वाचवतं. प्रत्यक्षात उलट आहे. हे जनुक चालू असलं की पानांवरची रंध्रं उघडी राहतात आणि पाणी उडून जातं. म्हणून शास्त्रज्ञांनी ते बंद केलं. बाहेरून काही घातलं नाही, आतला एक अडथळा काढला.

भारतीय कृषी संशोधन परिषदेचं म्हणणं आहे की खाऱ्या आणि चोपण जमिनीत या भाताचं उत्पादन मूळ जातीपेक्षा ९.६६ ते ३०.४ टक्के जास्त येतं. चाचण्यांच्या आकडेवारीवर काही संघटनांनी आक्षेपही घेतले आहेत. आकडे खरे धरले तरी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. भाताला साधारण ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या पुढे खारेपणा सोसत नाही. समुद्राच्या पाण्याचा खारेपणा ५० च्या आसपास असतो. रंध्रं लवकर मिटणारा भात आणि समुद्राचं पाणी गाळून पिणारं तिवर यांच्यातलं अंतर एका जनुकाने भरून निघणारं नाही. २०२१ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तिवराचा संपूर्ण जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. त्यात मीठ सहन करण्याशी संबंधित ६०० हून जास्त जनुकं निघाली.

चॅम्पियनही मरतो

इतकं वाचल्यावर वाटेल की तिवराला काहीच होत नाही. इथेच आपली गल्लत होते.

उरणचे जुने लोक मिठागरं कशी चालायची ते सांगतात. आगरी हा शब्दच आगरावरून आला. भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, फाटक बंद करायचं आणि ऊन तापू द्यायचं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पुन्हा पाणी, पुन्हा ऊन. आणखी काही करावं लागत नाही.

आता एखाद्या रस्त्याने, भरावाने किंवा बुजलेल्या मोरीने खारफुटीकडे येणारी भरतीची वाट अडली तर काय होईल? तेच होईल. आत जे पाणी राहिलं ते उडत जाईल, चिखलातलं मीठ वाढत जाईल. समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम मीठ असताना तिवर तगतं, कारण दिवसातून दोनदा येणारी भरती मुळांनी मागे ठेवलेलं मीठ धुऊन नेते. झाड मीठ अडवतं, पण ते मीठ कुठेतरी गेलं पाहिजे ना! भरती थांबली की मुळांभोवती मिठाचा थर साचतो. पाणी ओढायला लागणारा ताण वाढतो आणि एक दिवस त्या अरुंद नळ्यांतला धागाही तुटतो. कुऱ्हाड न लावता झाड वाळतं. आपण नकळत खारफुटीचं मिठागर केलेलं असतं.

उरणजवळच्या पाणजे पाणथळीत भरतीच्या पाण्याच्या वाटा अडवल्याच्या तक्रारी मच्छीमार आणि पर्यावरण कार्यकर्ते अनेक वर्षं करत आहेत. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्यानंतर बंदर, गोदामं, रस्ते, नव्या वसाहती यांसाठी इथे किती भराव पडला, हे जुना आणि नवा उपग्रह नकाशा शेजारी ठेवून कोणालाही पाहता येईल. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांना दिला. त्या प्रकरणात खारफुटीच्या नाशासोबत भरावामुळे भरतीच्या पाण्याला झालेला अडथळा हाही मुद्दा होता.

जगातलं उदाहरण हवं असेल तर ऑस्ट्रेलियाचं घ्या. २०१५-१६ मध्ये तिथल्या कार्पेंटारियाच्या आखातात सुमारे १,००० किलोमीटर किनाऱ्यावर ७,४०० हेक्टर खारफुटी वाळली. कोणी तोडली नव्हती. एल निनोमुळे त्या काळात समुद्राची पातळी खाली गेली, पाऊस कमी होता, तापमान जास्त होतं. समुद्राला लागून असलेलं जंगल तहानेने गेलं.

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये खारफुटी तोडण्यावर सरसकट बंदी घातली आणि भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा खारफुटी वृक्ष ठरला, असं करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण तोडलेलं झाड पुराव्यासाठी दाखवता येतं, फोटो काढता येतो, मोजता येतं. अडलेली भरती दाखवणं अवघड. झाडं वाळायला महिने लागतात, कधी वर्षं. तोवर मोरी कोणी बुजवली, कधी बुजवली, याचा माग लागत नाही आणि वाळलेल्या झाडांकडे बोट दाखवून 'इथे खारफुटी नव्हतीच' म्हणणं सोपं होतं.

दर पावसाळ्यात खारफुटीची रोपं लावण्याचे कार्यक्रम होतात. चिखलात उतरलेले टी-शर्ट, हातात रोप, पोस्ट. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण फ्लोरिडात रॉबिन लुईस या शास्त्रज्ञाने वेगळ्या क्रमाने काम केलं. आधी पाहिलं की भरतीचं पाणी कुठून यायचं आणि आता कुठे अडतंय. तो अडथळा काढला, जमिनीची उंची नीट केली. बिया पाण्यासोबत स्वतःच आल्या. कित्येक ठिकाणी त्याला एक रोपही लावावं लागलं नाही.

तुम्ही उरणच्या बाजूला राहत असाल तर भरतीच्या वेळी रस्त्याखालच्या मोऱ्यांपाशी थांबून बघा. पाणी पलीकडे जातंय का, आणि ओहोटीला परत येतंय का. जात नसेल तर तारखेसह व्हिडिओ काढून ठेवा. तिवर अजून हिरवं दिसत असेल, तेव्हाच.